विळद घाटाच्या पलीकडचं माहेर

श्रीगोंद्याच्या बाजूला आमच्या साखर कारखान्याच्या कॉलनीत आजही कुणी नवीन बाई राहायला आली, की शेजारणी माझी ओळख अशी करून देतात, "या मंदाताई. ब्लाउज झकास शिवतात. फक्त त्यांना घाई करू नका हं, त्यांना अटॅक येऊन गेलाय." मी आता दुरुस्त करत बसत नाही. पण कागदावर तरी एकदा खरं लिहून ठेवावं म्हणते. अटॅक आला होता हे खरं. एक नाही, शंभर आले असतील. त्यातला एकही हृदयाचा नव्हता.

भरल्या बाजारात, येष्टीत, गिरणीच्या रांगेत अचानक 'आता मी मरते' असं ज्यांना वाटतं आणि ज्यांचे सगळे रिपोर्ट नॉर्मल येतात, त्यांच्यासाठी हे लिहितेय. रिपोर्ट नॉर्मल आला की घरचे देवापुढे साखर ठेवतात आणि आपल्याला मात्र रडू येतं. कारण मग झालंय तरी काय, हे कुणीच सांगत नाही. मला ते कळायला दीड वर्ष लागलं आणि त्यानंतर आईच्या दारात पोचायला आणखी एक वर्ष. अडीच वर्षं मी माझ्या आईचं तोंड बघितलं नाही. ती संगमनेरजवळच्या आमच्या खेड्यात, मी इकडे. मधे फक्त दोन येष्ट्या.

घाटात

त्र्याण्णव-चौऱ्याण्णवच्या सुमाराची नागपंचमी. मी माहेरी गेले होते आणि आमचे हे मला न्यायला आले होते. लग्नाला सात वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. निघताना आईनं ओटी भरली, पिशवीत शेंगांची चटणी कोंबली आणि नेहमीसारखी अंगणाच्या कडेपर्यंतच आली. फाट्यापर्यंत ती कधी यायची नाही. म्हणायची, "म्हशीला वाट बघायला लावत न्हाईत."

राहुरीपर्यंत उभ्यानं आलो, मग बसायला मिळालं. विळद घाटात एक ट्रक आडवा झाला होता. गाडी उभी राहिली. पुढे गाड्या, मागे गाड्या, ऊन मी म्हणत होतं. माझ्या डाव्या हाताच्या बोटांना मुंग्या आल्या. मग ओठ बधिर झाले. मग काळीज असं धडधडायला लागलं, की शेजारच्या बाईला ऐकू जाईल असं वाटलं. श्वास आत जायचा पण पुरायचाच नाही. मी यांचा हात धरला आणि म्हटलं, "अहो, मला काहीतरी होतंय. मला खाली उतरवा. मी मरते." हे उठून ओरडायला लागले. कंडक्टरनं दार उघडलं, कुणीतरी कांदा फोडून नाकाशी धरला, आणि एका टेम्पोवाल्यानं आम्हाला बाजूबाजूनं काढून नगरच्या एका दवाखान्यात पोचवलं. त्या टेम्पोवाल्याचं नाव विचारायचं राहून गेलं, त्याची अजून चुटपुट लागते.

दवाखान्यात छातीला वायरी लावल्या, कागदावर रेघा काढल्या. एक तरुण डॉक्टर घाईघाईनं दुसऱ्याला म्हणाला, "पॅनिक अटॅक वाटतोय, तरी दोन-तीन दिवस ठेवून बघू." एवढं बोलून तो पुढच्या खाटेकडे गेला. यांच्या मनात त्यातला 'अटॅक' हा एकच शब्द बसला. पॅनिक म्हणजे काय हे विचारायचं यांच्या मनातही आलं नाही. मायनर अटॅक असतो, मेजर असतो, तसाच हा पॅनिक असणार, असा त्यांनी हिशोब लावला. तडक समोरच्या एसटीडी बूथवर गेले आणि आमच्या गावच्या दूध डेअरीत फोन करून निरोप ठेवला, "मंदाला अटॅक आलाय. ॲडमिट केलंय. लगेच या."

हॉस्पिटलचं पाणी

दुसऱ्या दिवशी सकाळी माझा भाऊ आला. हातात भाकरीचं गाठोडं. मी त्याच्या मागे बघत राहिले, दारातून अजून कुणी येतंय का म्हणून.

"आई कुठंय?"

"आई आली न्हाई."

"का?"

तो गाठोडं सोडत बसला. मग खाली मान घालून म्हणाला, "तिचं म्हननं, लेकीला मूल व्हईपत्तूर तिच्या घरचं पानी घ्यायचं न्हाई. नेम हाय."

आमच्याकडे ही रीत आहे. लेकीची कूस उजवेपर्यंत आईबापानं तिच्या घरी खायचं-प्यायचं नाही. लग्न झाल्यापासून आईनं तेच कारण सांगितलं होतं आणि श्रीगोंद्याला एकदाही पाय ठेवला नव्हता. पण त्या दिवशी माझा तोल गेला.

"अरे, हे काय माझं घर आहे का? हे हॉस्पिटल आहे! इथलं पाणी म्युन्सिपालटीचं आहे!"

सगळा वॉर्ड माझ्याकडे बघायला लागला.  मी भिंतीकडे तोंड करून झोपले. पोरगी मरायला टेकली तरी जिला नेम सुटत नाही, ती कसली आई, असं मनात आलं. आणि त्याखाली दुसरं होतं, ते जास्त बोचत होतं. माझ्या पोटी पोर नाही, म्हणून माझं दार आईला बंद.

शेजारच्या खाटेवर पाथर्डीकडची एक आजी होती. तिचं हृदय खरोखरच अधू झालेलं. पण स्वतः चालत नळावर जायची, तोंड धुवून यायची, आणि सिस्टर ताप मोजायला आली की तिलाच विचारायची, "तू जेवलीस का गं?" मला मात्र खाटेवरून उतरायला दोन माणसं लागत होती. आजीनं लिंबाची फोड माझ्या हातात ठेवली आणि म्हणाली, "चोख. आन भिंतीकडं नगं बघू, तिकडं काय न्हाई." इतक्या जणांत तेवढंच एक मला पटलं.

तीन दिवसांनी सोडलं. "काही नाही निघालं. टेन्शन घेऊ नका," म्हणाले. टेन्शन काय मी वाण्याकडून आणत होते?

अळणी दीड वर्ष

घरी आल्यावर मी कॉलनीची हार्ट पेशंट झाले. सासूबाईंनी माझं मीठ तोडलं, तेल तोडलं. एका घरात दोन भाज्या नकोत म्हणून सगळ्यांचंच तोडलं. शिलाई मशीनवर चादर पडली. बायका पेरू, मोसंबी घेऊन भेटायला यायच्या आणि कुणाकुणाचा अटॅकनं कसा खेळ आटोपला ते माझ्यासमोर बसून सांगायच्या.

दिवाळीला मी हट्टानं निघाले. श्रीगोंद्याच्या स्टँडवर गाडीच्या पायरीवर पाय ठेवला आणि पुन्हा तेच. मुंग्या, धडधड, मरण. घरी परत आले आणि पाच मिनिटांत बरी झाले. संक्रांतीला पुन्हा तसंच. मग स्टँडवर जायचंच सोडलं. मग बाजार सोडला, मग गिरणी सोडली. शेवटी शेवटी ओटा आणि मोरी एवढंच माझं जग उरलं. यांनी कामावर खूप खाडे केले. एकदा वैतागून म्हणाले, "रिपोर्टात काही नाही, चेहऱ्यावर काही नाही. तुला होतंय तरी काय, ते एकदा सांग!" मला सांगता आलं असतं तर मी सांगितलं नसतं का? मी रडले, मग तेही स्वयंपाकघरात जाऊन रडले. त्यांना वाटलं मला कळलं नाही.

सासूबाईंनी दृष्ट काढली, एका देवऋषीकडून अंगारा आणला. मी सगळं लावून घेतलं. बुडत्याला काडीचा आधार.

आणि या सगळ्यात माझा जीव माहेरात अडकलेला. उगाच आठवायचं. आई दुधाची किटली घेऊन डेअरीकडे निघाली की तिच्या जोडव्यांचा आवाज यायचा. प्रवरेचं पाणी उतरलं की काठच्या वाळूत आम्ही वाळुकं खायचो. आईच्या तळव्यांना कडब्याचा वास असायचा. ब्लाउजच्या कापडाचा गठ्ठा छातीशी धरून मी तो वास शोधायची, इतकी खुळी झाले होते. आईला लिहिता येत नव्हतं. भाऊ पत्रात लिहायचा, 'आई म्हणते तू ये.' मी लिहायची, 'आईला सांग तू ये.' अडीच वर्षं आमचा हाच पत्रव्यवहार. मी जाऊ शकत नव्हते आणि ती येत नव्हती. माझं मी समजू शकत होते. तिचं मला समजत नव्हतं, आणि तो राग मी रोज थोडा थोडा गिळत होते.

कुत्रं

कारखान्याच्या दवाखान्यात एक नवीन डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी माझे जुने कागद चाळले, हसल्या आणि नगरच्या एका मनाच्या डॉक्टरांच्या नावानं चिठ्ठी लिहून दिली.

"वेड्यांचा डॉक्टर?" हे म्हणाले.

"वेड्यांचा असू दे न्हाईतर शहान्यांचा," सासूबाई म्हणाल्या, "पोरीला घिऊन चला. मला बी आता मीठ खायचंय."

जीप करून गेलो. नगरजवळचं केडगाव येईपर्यंत मी तोंडावर पदर घेऊन सासूबाईंच्या मांडीवर डोकं ठेवलं होतं. डॉक्टर पन्नाशीचे, सावळे, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली. त्यांनी अर्धा तास नुसतं ऐकलं. मग यांना म्हणाले, "यांना पॅनिक अटॅक येतात. घबराटीचा झटका. हृदय ठणठणीत आहे."

"म्हणजे हार्टचा अटॅक नाही?"

"कधीच नव्हता."

हे खुर्चीत मागे टेकले. "डॉक्टर, दीड वर्ष आख्खं घर अळणी खातंय!"

डॉक्टर इतके हसले की बाहेरचा कंपाउंडर डोकावून गेला. मीही हसले. दीड वर्षात पहिल्यांदा.

मग ते म्हणाले, "मेंदूत बदामाएवढा एक भाग असतो..."

"गाठ?" हे ताडकन उठले.

"बसा हो. भाग. तुमच्याही डोक्यात आहे. त्याचं काम राखणीचं. वस्तीवर कुत्रं असतं ना, तसं. चोर दिसला की ते भुंकतं. भुंकलं की काळीज जोरात चालतं, श्वास वाढतो, हातपाय पळायला तयार होतात. त्यात वाईट काही नाही, ते नसतं तर माणूस बैलाच्या शिंगावर जाऊन बसला असता. तुमचं कुत्रं जरा जास्त तिखट कानाचं आहे. घाटात ते चोर नसताना भुंकलं."

"मग त्याला गप्प कसं करायचं?" मी विचारलं.

"गप्प बस म्हणून कुत्रं ऐकतं का? ते तुमच्या तोंडाकडे बघत नाही, पायाकडे बघतं. तुम्ही गाडीतून उतरून पळालात, की त्याला वाटतं, बघा, मी भुंकलो म्हणून ही वाचली. पुढच्या वेळी ते दुप्पट भुंकतं. तुम्ही बसून राहिलात, तर भुंकून भुंकून दमतं. दहा मिनिटं, वीस मिनिटं. मग त्याला कळतं, इथं चोर नव्हता."

त्यांनी गोळ्या दिल्या, सावकाश श्वास सोडायला शिकवलं. आणि एक वाक्य सांगितलं, ते मी मशीनच्या लाकडावर खडूनं लिहून ठेवलं होतं: भीती उतरल्याशिवाय गाडीतून उतरायचं नाही.

मला काय झालंय याला नाव आहे, ते माझ्यासारख्या कितीतरी जणांना होतं आणि मी नाटकं करत नाही, एवढं कळल्यावरच माझं अर्धं दुखणं हलकं झालं. उरलेल्या अर्ध्यानं मात्र घाम काढला.

सासूबाई आणि उभी गाडी

पहिला धडा होता उभ्या गाडीत बसायचा. श्रीगोंद्याच्या स्टँडवर दुपारी एक गाडी बराच वेळ उभी असायची. सासूबाई पदरात शेंगदाणे बांधून माझ्यासोबत यायच्या आणि खिडकीशी बसायच्या. कंडक्टर विचारायचा, "कुठं जायचं आजी?"

"कुठं न्हाई. सूनबाई गाडीत बसायला शिकतीय."

"गाडीत बसायला शिकायचं असतं?"

"तू आईच्या पोटातनं तिकिटं फाडत आल्तास व्हय?"

मला घाम फुटायचा, बोटांना मुंग्या यायच्या. मी पुढच्या सीटची दांडी घट्ट धरून श्वास मोजायची. सासूबाई एकेक शेंगदाणा माझ्या हातावर ठेवायच्या आणि दर वेळी विचारायच्या, "भुकतंय का अजून?" मी मान हलवायची. "भुकू दे मेल्याला." आणि खरंच, अठरा-वीस मिनिटांनी ते दमायचं. पहिल्यांदा दमलं त्या दिवशी मी गाडीतच हुंदके देऊन रडले. सासूबाई कंडक्टरला म्हणाल्या, "पास झाली." आमचं पूर्वी फारसं पटत नव्हतं, हे इथं सांगितलं पाहिजे. या दुखण्यानं मला सासू दिली.

मग एक थांबा जाऊन परत. मग दोन. कधी कधी मधल्याच फाट्यावर घाबरून उतरले आणि आठ दिवस उशीत तोंड घालून राहिले. डॉक्टर म्हणायचे, "चार पावलं पुढे, दोन मागे. हिशोबात दोन उरतातच." चार महिन्यांनी नगर गाठलं, सासूबाईंबरोबर. सहा महिन्यांनी एकटीनं. मग मी नगरच्या स्टँडवर संगमनेरच्या पाटीकडे बघत उभी राहायची आणि परत यायची. पुढे विळद घाट होता. नुसती पाटी वाचली तरी डोळे भरून यायचे.

ज्या दिवशी घाट ओलांडला, त्या दिवशी ते कुत्रं भुंकलं. चांगलंच भुंकलं. मी डोळे उघडे ठेवून खिडकीतून एकेक बाभूळ मोजली. राहुरी आली तेव्हा ते गप होतं आणि माझ्या हातातलं तिकीट घामानं भिजून लगदा झालं होतं. कोल्हारच्या पुलावरून प्रवरा दिसली. मी शेजारच्या अनोळखी बाईला म्हटलं, "ही आमची नदी." ती म्हणाली, "बरं."

तीन गाड्या

आई ओसरीवर ज्वारी निवडत होती. मला बघून सूप हातातून पडलं. तिनं माझं तोंड, खांदे, हात चाचपून बघितले आणि म्हणाली, "किती वाळलीस गं, माझी बाय." मी तिच्या तळव्यांत तोंड खुपसलं. कडब्याचा वास होता. त्या एका वासासाठी मी वर्षभर येष्टीच्या दांड्या धरल्या होत्या.

दुपारी जेवण झाल्यावर मी सगळं सांगितलं. आणि राग धरला होता तोही बाहेर पडला. "तुझा नेम मोठा, आई. मी मरत होते तरी तू आली नाहीस."

ती ज्वारी निवडत राहिली. मग म्हणाली, "ते व्हयाच्या आदी हाताला मुंग्या येत्यात का?"

"हो."

"व्हट बधिर व्हत्यात? आन वाटतं का, उठावं आन पळत सुटावं?"

"तुला कुणी सांगितलं?"

"कोन सांगनार," ती म्हणाली. "मला बी व्हतंय ते. तू पोटात हुतीस तवापासनं."

 मग एकेक गोष्ट माझ्या डोळ्यांपुढे आली. संगमनेरच्या बाजाराला नेहमी वडीलच जायचे. बांगड्या भरायला कासार घरी यायचा. लग्नाला कुणाकडेही गेली नाही. माझं लग्नसुद्धा आमच्याच अंगणात झालं. गाव तिला घरकोंबडी म्हणायचं आणि आम्ही पोरंही हसायचो.

"मग नेम?"

"नेम हुता म्हनून बरं झालं. नेमाच्या आड लपता आलं. न्हाईतर लोकांना काय सांगितलं असतं? गाडीचं भ्या वाटतं म्हनून?" तिनं पदर डोळ्यांना लावला. "तुला वाटलं आसंल, पोर न्हाई म्हनून आई येत न्हाई. मला समजत हुतं तुला तसं वाटतंय. तरी मी गप बसले. ते पाप माझंच हाय, मंदे."

मी तिच्या पुढ्यातलं सूप बाजूला ठेवलं.

"तुझा निरोप आला ना डेअरीत, त्या दिशी मी बी निघाले हुते तुझ्या भावाबरुबर. फाट्यापत्तूर गेले. एक गाडी सोडली. दुसरी सोडली. तिसरी बी सोडली. मग त्यालाच म्हनलं, तू जा, पोरीला उशीर व्हतोय. आन सांग, नेम हाय."

माझ्या जन्मापासून ती त्या दिवशी पहिल्यांदा फाट्यावर गेली होती. अडीच वर्षं मी जिच्यावर राग धरला, ती माझ्यासाठी तिथे तीन गाड्या सोडेपर्यंत मरत उभी होती. मी तिला घट्ट धरलं आणि आम्ही दोघी गळा काढून रडलो. शेजारीण धावत आली, तिला वाटलं कुणी गेलं.

मग मी तिला कुत्र्याचं सांगितलं. तिनं लक्ष देऊन ऐकलं आणि म्हणाली, "माझं लई म्हातारं हाय गं. तीस वर्सं त्याला मीच भाकर घातली. ते आता काय ऐकनार."

नगरचा बाक

आई जाऊन आता बरीच वर्षं झाली. ती श्रीगोंद्याला कधीच आली नाही, हे आधीच सांगते, म्हणजे वाचणाऱ्यानं उगाच वाट बघायला नको. पण एकदा ती नगरपर्यंत आली होती.

दीड वर्ष भावानं तिला गाडीत बसवायचा सराव केला. डॉक्टरांनी संगमनेरच्याच एका ओळखीच्या डॉक्टरांकडून तिला गोळ्या द्यायला लावल्या. लोणीपर्यंत, मग कोल्हारपर्यंत, आणि एका माघातल्या सकाळी विळद घाट ओलांडून ती नगरच्या स्टँडवर उतरली. मी श्रीगोंद्याहून येऊन थांबले होते. इरकली लुगडं, कपाळावर घामानं ओघळलेलं कुंकू. भाऊ म्हणाला, "राहुरीपास्नं माझा हात सोडला न्हाई. बघ, वळ उठल्यात." आई दातांत पदर धरून हसत होती. "आले की न्हाई मी? नेम बी सोडला बघ."

श्रीगोंद्याची गाडी लागली. तिनं पायरीवर पाय ठेवला. मी मागे उभी. तिची पाठ थरथरायला लागली, हे मला लुगड्यातून दिसलं. मी म्हटलं, "थांब, भुंकू दे त्याला." ती थांबली. खरंच थांबली, मागची माणसं खोळंबली तरी. मग पाय खाली घेतला आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "न्हाई गं, बाय. एवढंच हुतं."

गाडी गेली. मला फार वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. सासूबाईंनी पुरण शिजवून ठेवलं होतं, त्यांनी दारात रांगोळी काढली होती. मी आईला बाकावर बसवलं. भाऊ चहा आणायला गेला. मी काहीतरी धीराचं बोलणार, तेवढ्यात तीच म्हणाली, "तुझ्या घराचं दार कोन्या अंगाला हाय?"

"पूर्वेला."

"मंजी सकाळचं ऊन घरात येतंय."

"येतं. थेट देव्हाऱ्यापर्यंत."

"दारात काय हाय?"

"तुळस. तिच्या बाजूला जास्वंद, पण यंदा फुललीच नाही. दोन पायऱ्या चढून आलं की डाव्या हाताला माझं मशीन."

"खिडकीपाशी?"

"खिडकीपाशीच."

आईनं डोळे मिटले. स्टँडवर गाड्यांची घोषणा चालू होती, कुणी केळी विकत होतं, आमच्या पायाजवळून माणसं बोचकी घेऊन धावत होती. तिनं माझा हात दोन्ही हातांत घेतला. 

"व्हय," ती म्हणाली, "दिसलं मशीन. आता मला सैपाकघरात घिऊन चल."